उठलो, पण कुणी बसा म्हणालं नाही

खाली बेदाणा आणि वर फोन, अशी माझी इमारत होती. तासगावात, सांगली रस्त्याला. तळमजल्यावर शीतगृह आणि त्याच्या डोक्यावर कानाला हेडफोन लावून बसलेल्या मुली. खालून कंप्रेसरची घरघर यायची आणि वर सगळीकडं एकच वाक्य चालू असायचं, "नमस्कार, मी आपली काय मदत करू शकते?" पुण्यात याला बीपीओ म्हणतात. आमच्याकडं "फोनचं हापिस" म्हणायचे. एखाद्या मुलीला बघायला आलेला पाहुणा तिच्या बापाला बाजूला घेऊन हळूच विचारायचा, "पण म्हंजी नक्की फोनवर करती काय?"

मी कॉलेजची पायरी चढलेलो नाही. बेदाण्याच्या पेट्या उचलण्यापासून सुरुवात केली. मग निवडणीच्या शेडवर मुकादमी, मग दलाली, मग हे शीतगृह. कुणी हातात आणून दिलं नाही. जे मिळवलं ते समोरच्याशी वाद घालून मिळवलं. माझा आवाज मोठा आहे आणि राग त्याहून मोठा, हे तालुक्याला माहीत आहे. बायको म्हणते, तुम्ही न्हाव्याशीसुद्धा भाव करता. करतो. न्हावीही माझ्याशी करतो. आमचं वीस वर्षं चांगलं चाललंय.

या फोनच्या धंद्यात मी आलो, कारण वरचा मजला रिकामा होता आणि पुण्याची एक कंपनी जागा शोधत होती. ही कंपनी म्हणजे मधली. पाणी शुद्ध करायची यंत्रं विकणारी एक मोठी कंपनी होती. तिच्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी ऐकायचं काम या मधलीनं घेतलं होतं आणि मधलीनं ते माझ्यासारख्याला दिलं. सहा वर्षं आमच्या मुली मोठ्या कंपनीचं नाव दिवसातून शेकडो वेळा घ्यायच्या. मोठ्या कंपनीला तासगाव कुठं आहे हे माहीत नव्हतं. ते माहीत होऊ नये याचा पगार मधलीतल्या माणसांना मिळत होता, असं माझं आता मत झालंय.

उद्‍घाटनाला पुण्याहून आलेल्यांनी भाषणं केली. खेड्यातल्या मुलींचं सामर्थ्य, घराजवळ रोजगार, नवी पहाट. टाळ्या झाल्या. खरं कारण मला आधीच कळलं होतं. पुण्यातल्या मुली चार महिन्यांत दुसरीकडं जातात, आमच्या जात नाहीत. जाणार कुठं? म्हणजे जे आमचं अडलेपण होतं, तेच त्यांना मोलाचं होतं. मालाचा खरा गुण कोणता हे व्यापारी मोठ्यानं बोलत नाही. मी त्या दिवशी गप्प बसून पेढे वाटले.

धंदा वाढला, हेही खरं. दहा खुर्च्यांच्या तीस झाल्या, तिसाच्या साठ. अडचणीही तशाच वाढल्या. रस्ता रुंद करणाऱ्यांनी केबल तोडली की सगळा मजला मुका. बेदाण्याचा हंगाम आला की निम्म्या मुली शेडवर, कारण घरचा माल उन्हात पडलेला असताना कुठली पोरगी फोनवर बसेल? पुण्याला ते पटत नसे. मी त्यातून तोड काढली. हंगामात सकाळी शेड, दुपारनंतर फोन. मुली हाताला बेदाण्याला चोळायच्या तेलाचा चिकटपणा घेऊन यायच्या आणि संगणकाची बटणं चिकट व्हायची. तेवढंच.

सगळ्यात किळसवाणा प्रकार म्हणजे गुण देण्याचा. पुण्यात काही लोक आमच्या मुलींचे फोन पुन्हा ऐकायचे आणि गुण कापायचे. आमच्या भागात बाया "मी सांगतो", "मी बघतो" असंच बोलतात. कापा गुण. मुलगी "व्हय" म्हणाली, कापा. एकदा खटावकडचा एक म्हातारा यंत्र गळतंय म्हणून शिव्या देत होता. आमची मुलगी म्हणाली, "आजोबा, आधी घोटभर पाणी प्या. यंत्रातलं न्हवं, माठातलं." म्हातारा हसला, नीट बोलायला लागला, तक्रार मिटली. पुण्याहून शेरा आला, अनावश्यक संभाषण. ज्यांना कुणाशी बोलता येत नाही ती माणसं आम्हाला बोलण्याचे गुण देत होती.

ती मुलगी पलूसची. खरं तर मुलगी म्हणू नये, तिलाच एक पाच वर्षांची मुलगी होती. मुसलमानाचं घर, वडील गाद्या-उशा भरायचे. लग्न मोडून माहेरी आलेली. आधी साधी फोनवर बसायची, मग मी तिला तीस जणींवर नेमली. धाक असा की मीसुद्धा तिच्या रांगेतनं चालताना आवाज खाली घ्यायचो. सगळ्या मला सर म्हणायच्या. ती काका म्हणायची, आणि मग सगळ्याच काका म्हणायला लागल्या.

तिचा भाऊ तिच्यामागं लागला होता. मिरजेचा एक विधुर होता, त्याच्याशी निकाह लावायचा. विधुराला बायको हवी होती, तिची पोरगी नको होती.

"पोरगी आज्जीपाशी ठेवायची म्हणत्यात," ती मला एकदा म्हणाली. "जसं काय ती कपाट हाय, न्ह्यायला जड म्हणून ठेवायची."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हणणार काय? माझा पगार हाय तवर भाऊ गप हाय, काका. पगार थांबला की मिरजेचं पावणं दारात उभं ऱ्हाईल."

तिच्यासारख्या बहुतेकजणी आमच्या बसनं यायच्या. पलूस, भिलवडी, वाटेतली गावं. बस दारात येते आणि दारात सोडते म्हणून बाप-भाऊ पाठवत होते. एसटीनं जा म्हटलं असतं तर निम्म्या घरी बसल्या असत्या. बसचा खर्च करारात मधल्या कंपनीवर होता. तो मी पहिल्या दिवशी भांडून घातला होता.

आता त्या अधिकाऱ्याविषयी. मधल्या कंपनीत आमचं काम बघणारा माणूस मूळचा उंब्रजचा. पुण्याहून फोनवर बोलला की निम्मं इंग्रजी, निम्मं हिंदी. माझ्या घरी मटणाचं ताट पुढं आलं की मात्र आपल्यातला व्हायचा. घरची शेती, वडील आलं करायचे. एकदा जेवताना मी एका व्यापाऱ्याची गोष्ट सांगत होतो, तर हा हसायला लागला.

"काका, तुमी आन आमचं आबा एकाच गिरणीचं पीठ. आल्याचा व्यापारी बांधावर आला की आबा उठत्यात. एकदा तर उठलं आन थेट घरी यिऊन जेवायला बसलं. व्यापारी बांधावरच!"

"मग?"

"मग काय, त्योच आला मागनं घरी. आईनं त्यालाबी वाढलं. जेवता जेवता सौदा ठरला."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या सौद्यात उठण्याला अर्थ आहे. समोरचा पडका भाव बोलला की विकणारा हातातले बेदाणे पेटीत टाकतो, हात झाडतो आणि उठतो. म्हणजे सौदा मोडला असं कुणीही समजत नाही. त्याचा अर्थ एवढाच, की हा भाव ऐकण्याच्याही लायकीचा नाही, आता तू बोल. व्यापारी त्याला दारापर्यंत जाऊ देतो आणि दारात हाक मारतो, "आवं, बसा की, चहा तरी घ्या." चहा आला की भाव चढतो. मी जन्मभर असा उठत आलोय आणि जन्मभर लोकांनी मला बसवलंय. ज्याला खरंच नको असेल तो तोंडावर सांगतो, "जावा, जमणार न्हाई." तेवढी इमानदारी बेदाण्याच्या सौद्यात आहे.

गेल्या वर्षी द्राक्षाच्या छाटण्या उरकत आल्या होत्या तेव्हा पुण्याहून बोलावणं आलं. फोनवर विषय एवढाच सांगितला, पुढची वाटचाल. वाटचाल हा शब्द माणूस कुणाला तरी रस्त्यावर आणायचं असलं की वापरतो. निघताना पलूसची खाली गाडीपाशी आली.

"काका, काय बी सोडा, बस सोडू नका."

"आगं, मी काय पहिल्यांदा चाललोय?"

"तसं न्हवं. तुमी चिडला की तुमाला काय बी आठवत न्हाई."

मी हसलो. तिला वाटलं मी ऐकलं.

पुण्यातली ती खोली काचेची. आत तो अधिकारी आणि त्याच्या वरिष्ठ एक बाई. बाई इंग्रजीत बोलत होत्या, हा मराठीत सांगत होता, आणि ते मराठीही असं धुऊन काढलेलं, की हा माणूस कधी माझ्या घरी नळी ओरपत होता हे खरं वाटू नये. सांगणं असं, की आता पहिला फोन यंत्र घेणार. माणसासारखा आवाज असलेलं यंत्र. त्याला जमलं नाही तरच फोन आमच्याकडं. तेव्हा साठ खुर्च्यांच्या वीस करा. आणि बस बंद.

मी घरून ठरवून गेलो होतो. खुर्च्या चाळीसपर्यंत खाली येतील, बस राहील. त्यासाठी आणखी काय सोडायचं, कुठं अडायचं, सगळं डोक्यात मांडलेलं होतं. पण वीस खुर्च्या आणि बस बंद, हा भावच नव्हता. ही थट्टा होती. बाई बोलताना हातातल्या फोनवर बोट फिरवत होत्या. माझं डोकं फिरलं, ते खरंच फिरलं. पण उठलो ते डोकं फिरलं म्हणून नाही. उठायचीच वेळ होती.

"ह्याला काम म्हणत न्हाईत," मी म्हणालो. "ठेवा तुमच्यापाशी."

अधिकारी माझ्याकडं बघत नव्हता. टेबलाकडं बघत म्हणाला, "सर, म्हणजे तुम्ही काम थांबवताय, असं आम्ही समजू का?"

"समजा!"

मी दाराकडं निघालो. सावकाश. दार काचेचं होतं, त्यातून मागं बसलेली दोघं दिसत होती. बाईंनी त्याला काहीतरी विचारलं, त्यानं मान हलवली. मी बाहेरच्या सोफ्यापाशी थांबून बुटाची नाडी बांधली. माझ्या बुटाला नाडी नाही. लिफ्टपाशी गेलो, बटण न दाबता उभा राहिलो. लिफ्ट तरीही आली, कुणीतरी उतरलं, ती गेली. शेवटी एक पहारेकरी आला. मला वाटलं बोलवायला आला. तो म्हणाला, "काका, गळ्यातलं कार्ड जमा करा."

सातारा ओलांडून चहाला थांबलो तेव्हा फोनवर त्यांचं इंग्रजी पत्र येऊन पडलेलं होतं. कामापुरतं इंग्रजी मला कळतं. आपण स्वतःहून काम थांबवण्याचा घेतलेला निर्णय आम्ही आदरपूर्वक स्वीकारतो. चहा तसाच राहिला. करारात असं होतं, की त्यांनी काम काढून घेतलं तर पुढं तीन महिने सगळ्या खुर्च्या आणि बस चालू ठेवायची. आम्ही सोडलं तर काहीच नाही, दुसऱ्या दिवसापासून ते मोकळे. एवढं पत्र लिहायला तास लागतो आणि त्यावरची वेळ मी पुण्याबाहेर पडायच्याही आधीची होती. मी सोफ्यापाशी खोटी नाडी बांधत होतो तेव्हा ते लिहून तयार असणार, ही शंका मला त्या टपरीवरच आली. फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये आहेत. परत लावला. मीटिंग. आठवडाभर तो माणूस मीटिंगमध्ये होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी संगणक उघडलेच नाहीत, पुण्यानं बंद केले होते. मी मजल्यावर जाऊन मुलींना सांगितलं. काही रडल्या. काहींना वाटलं केबल तुटलीय. मी म्हणालो, बस आठवडाभर मी माझ्या खिशातून चालवतो, तोवर बघतो काय होतंय ते. सगळ्या खाली गेल्यावर पलूसची खिडकीपाशी उभी होती.

"भावाला इतक्यात सांगत न्हाई," ती म्हणाली. "हप्ताभर तशीच डबा घिऊन निघतो."

आणि ती आली. रोज बसनं यायची, बंद संगणकापुढं बसायची, डबा खायची, संध्याकाळी परत जायची. तिचं बघून आणखी दहा-बाराजणी यायला लागल्या. कुणी स्वेटर विणत होती, कुणी परीक्षेचं वाचत होती. घरी सगळ्यांनी हेच सांगितलेलं, काम चालू हाय. मी दोनदा वर गेलो. तिसऱ्यांदा जाववलं नाही.

रविवारी मी उंब्रजला गेलो. अधिकारी सुट्टीला गावी येतो हे मला माहीत होतं. घर हमरस्त्यापासून आत, पुढं अंगण, कडेला गोठा, त्याच्या शेजारी ट्रॅक्टर. अंगणात आल्याचे ढीग आणि त्याचे वडील मातीनं भरलेल्या हातानं बियाण्याचं आलं निवडत बसलेले. अधिकारी अर्ध्या चड्डीत, हातात चहा. मला बघून त्याचा चहा हिंदकळला.

"काका! या, या की."

"पाव्हणं कुठलं?" आबांनी विचारलं.

"तासगावचा," मी म्हणालो. "तुमच्या लेकाकडं काम हुतं. तिथं भेटत न्हाई, म्हणून इथं आलो."

चहा आला. मी आबांना सगळं सांगितलं. लेकाकडं न बघता, पहिल्यापासून. आबा निवडता निवडता ऐकत होते. मी उठलो इथपर्यंत गोष्ट आली तेव्हा त्यांचे हात थांबले.

"ह्ये उठलं तवा तू काय केलास रं?"

"आबा, तिथं वरिष्ठ होत्या. तिथं तसं नसतंय."

"कसं नसतंय?"

"तिथं उठलं म्हंजी उठलं."

"आन तुला म्हाईत नव्हतं व्हय, कशाला उठल्यात ते? का बसा म्हणायला इंग्रजी लागतंय?"

घरात कुणीतरी खुदकन हसलं. अधिकारी उठला आणि मला म्हणाला, "काका, जरा इकडं या." ट्रॅक्टरच्या आडोशाला नेऊन तो हळू बोलायला लागला. आवाज माझ्या घरी जेवताना असायचा तसा मऊ.

"खरं सांगू काका? काम बंद करायचं हे वर ठरलंच हुतं. फक्त आमी बंद केलं असं दिसायला नको हुतं, त्या तीन म्हैन्यांमुळं. मला विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, ह्या माणसाला पडका भाव सांगा. ह्यो उठतोय."

"म्हंजी मुद्दाम?" मी विचारलं.

"मी वळखतो की तुमाला," तो म्हणाला. हे तो कौतुकानं म्हणत होता. ती किळस मला आजही शब्दांत पकडता येत नाही. अनोळखी माणसानं फसवलं तर माणूस शिव्या देतो आणि विसरतो. यानं माझ्या ताटात जेवून, माझ्या घरात हसून, माझी सवय उचलली आणि जाऊन विकली. बापाकडून शिकलेली गोष्ट बापासारख्याच माणसाचा गळा कापायला वापरली. माझा हात वर गेला होता. अंगणातून आबा बघत होते, म्हणून खाली आला.

मग मी जे करतो तेच केलं. भाव करायला लागलो.

मी म्हणालो, मी मोठ्या कंपनीकडं जातो. हे सगळं सांगतो. सगळ्यांचा तीन महिन्यांचा पगार काढून घेतो, कोर्टात जावं लागलं तरी. तो घाबरला, किंवा घाबरल्यासारखं केलं. म्हणाला, काका, वाढवू नका, काय पाहिजे ते बोला. मी म्हणालो, बस चालू कर. म्हणाला, ते माझ्या हातात नाही. खुर्च्या? नाही. वीसही नाहीत आता. बराच वेळ असा गेला. मी एक मागायचो, तो कपाळावर हात मारायचा. शेवटी मी म्हणालो, पलूसच्या बाईला तरी घे. घरी बसून काम दे. तिचं लेकरू तिच्यापासून तुटायला नको.

त्यानं डोकं खाजवलं. "अवघड हाय," म्हणाला. "वर बोलावं लागंल." फोन घेऊन गोठ्याच्या पलीकडं गेला. येरझाऱ्या घालताना दिसत होता, हात हलवून बोलताना दिसत होता. परत आला तो घाम पुसत.

"झालं काका. पण मग तुमी त्या तीन म्हैन्यांचं सोडायचं. मोठ्या कंपनीकडं जायचं न्हाई. शब्द द्या."

मी शब्द दिला. माझ्या शब्दाला तासगावात किंमत आहे. आबांनी निघताना पिशवीभर आलं गाडीत टाकलं आणि म्हणाले, "बोलणं तुटू दिलं न्हाई ते बरं केलंसा." मला अंगात हत्तीचं बळ आल्यासारखं झालं होतं. काहीच हातात नसताना एका लेकराची आई सोडवून आणली, असं वाटत होतं. तासगावला न जाता गाडी सरळ पलूसला घातली.

तिच्या वडिलांच्या दुकानात कापूस पिंजून ठेवलेला. मागच्या खोलीत ती खुर्चीवर बसलेली, समोर नवाकोरा लॅपटॉप, गळ्यात हेडफोन. तिची पोरगी खाली बसून लॅपटॉपच्या खोक्याला दारं-खिडक्या काढत होती. मी दारातच थांबलो. उंब्रजहून पलूसला यायला लागतो तेवढ्या वेळात पुण्याहून लॅपटॉप येत नाही.

"ह्ये कवा आलं?"

ती उभी राहिली. तिला कळलं मला काय कळलंय ते.

"काल. फोन बुधवारीच आला हुता, काका. साहेबांचाच. घरनं काम करशील का म्हणालं. शुक्रवारी मी व्हय म्हणून सांगितलं."

"मला का न्हाई सांगितलंस?"

"सांगू नको म्हणालं. आन तुमी चिडला असता. चिडून फोन केला असता पुण्याला. मग माझं बी गेलं असतं."

मी तिला उंब्रजचं सांगितलं. फोन घेऊन गोठ्यामागं गेलेला, हात हलवणारा, घाम पुसत आलेला. शुक्रवारी तिनं होकार दिलेला होता आणि रविवारी तो मला तीच वस्तू विकत होता. गोठ्यामागं तो कुणाशी बोलत होता? म्हशीशी?

तिनं गळ्यातला हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाली, "आन त्याच्या बदल्यात तुमी सगळ्यांचं तीन म्हैनं सोडलासा?"

"तुझ्यासाठी सोडलं."

"माझं तर झालं हुतं, काका."

ती हे रागानं म्हणाली नाही. तिची आई चहा घेऊन आली. मी आल्याची पिशवी गाडीतून काढून तिथं ठेवली, कारण ती मला घरी न्यायची नव्हती. तेवढ्यात लॅपटॉप वाजला. तिची नव्या कामाची शिकवणी होती, पुण्याहून कुणीतरी बोलायला लागलं. तिनं हेडफोन डोक्यावर चढवला, पोरीला हातानंच गप बस म्हणून खुणावलं आणि पाठ ताठ करून बोलायला लागली. "हो सर, मला ऐकू येतंय. मी सांगते." सांगते. सहा वर्षं गुण कापून जे जमलं नव्हतं ते झालं होतं. मिरजेचा विधुर आता येणार नव्हता, हेही तेवढंच खरं. तिचा भाऊ दुकानात कापूस भरत होता, मला बघून त्यानं आदरानं सलाम केला.

शब्द दिला होता. मोडला असता तर त्या माणसानं पहिलं तिचंच काम काढलं असतं, आणि हे त्याला माहीत होतं. म्हणून मी मोठ्या कंपनीकडं गेलो नाही. नंतर त्याचे शुभेच्छांचे निरोप यायला लागले, दिव्यांची चित्रं, खाली "काका" अशी मला हाक. मी त्याचा नंबर बंद केला नाही. निरोप आला की वाचतो आणि तोंडात काहीतरी नासकं आल्यासारखं होतं. ते होत राहावं असं मला वाटतं.

सोमवारी बस शेवटची आली. डबे घेऊन आलेल्या त्या दहा-बाराजणी वर बसल्या होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, उंब्रजच्या ट्रॅक्टरपर्यंत. त्या अधिकाऱ्याला शिव्या दिल्या, पुण्याला दिल्या, यंत्राला दिल्या. भिलवडीची एक फटकळ मुलगी होती, मजल्यावर सगळ्यात नवी. सुया-लोकर पिशवीत भरत म्हणाली, "काका, सौद्याला जाताना आमच्यातली एक संगं न्ह्यायची हुती. तुमी उठला असता, ती बसून ऱ्हायली असती."

बाकीच्या हसल्या. मी तिच्यावर एवढ्या मोठ्यानं ओरडलो की खालचे हमाल वर बघायला आले. ती घाबरली नाही. डबा उचलला आणि सगळ्यांबरोबर बसकडं गेली.